लिफ्टला लागून

लग्नाला चाळीस वर्षं झाली, म्हणून आईवडिलांना
एक रात्र भेट द्यायची ठरवली मी.
ब्युनोस आयरेसमधलं चांगलंसं हॉटेल, पाच तारे,
खिडकीतून नदी दिसली तर उत्तम.
बाराकासच्या आमच्या स्वयंपाकघरात
केटलीला टेकवून फोन उभा केला
आणि एकेक फोटो सरकवत गेले.

आई पडद्यांचे रंग बघत होती.
वडील म्हणाले, "हे राहू दे."
संगमरवरी जिना, झुंबर, माणसाहून उंच फुलदाणी.
"दोर बदलत नाहीत वेळेवर. राहू दे."
पुढचं. गच्चीवर पोहायचा तलाव.
"खाली खड्ड्यात गुडघाभर पाणी. मॅनेजर म्हणायचा, उद्या बघू."
त्यापुढचं. पूर्वी कुणाचा तरी राजवाडाच.
"आठव्या मजल्याचं दार लागताना आवंढा गिळतं.
एक राजदूत अडकला होता दोन तास.
वरून बोलत राहिलो त्याच्याशी. फुटबॉलबद्दल."

मोठं घर, पोकळ वासा.
त्या पोकळीतच एकतीस वर्षं गेली त्यांची,
लिफ्टच्या माथ्यावर उभं राहून, दातांत टॉर्च धरून.
भिंतीपलीकडे नळ, खोकला,
कुणाचं तरी हलक्या आवाजातलं भांडण.
खोली एकही पाहिली नाही.
मागच्या दाराने आत, मागच्याच दाराने बाहेर,
आणि घरी आल्यावर आई त्यांचे हात
लिंबाच्या सालीने घासायची, ग्रीस जाईपर्यंत.

पालासिओ दुआर्तेचा फोटो आला.
वडील काही बोलले नाहीत.
पाणी भरायला म्हणून केटली उचलली,
फोन आडवा पडला.
केटली भरलेलीच होती.
"अन्सेल्मो," आई म्हणाली. एवढंच.
माझ्या बाप्तिस्म्याच्या फोटोत कडेला एक पोरगा आहे,
कोट दोन मापं मोठा.
तो कोण, हे मी कधी विचारलं नव्हतं.

शेवटी असुसेना.
जुनं, महाग, फारसं कुणाच्या तोंडी नसलेलं.
"तिथली मशीन चांगली," वडील म्हणाले,
एखाद्या घराण्याबद्दल बोलावं तसे.

जुलैची सुट्टी, सगळं भरलेलं.
काउंटरवरची मुलगी अगदी ओशाळली:
एकच खोली उरलीय, पण लिफ्टला लागून,
पाहुण्यांच्या तक्रारी येतात,
वीस टक्के कमी करून देते.
मी नको म्हणणार, एवढ्यात वडिलांनी
दोन्ही कोपरं काउंटरवर टेकली.
"सूट नको. खोली द्या."

सकाळी न्यायला गेले, तर नाश्त्याच्या दालनात
आई एकटीच, तीन प्रकारचे मुरंबे पुढ्यात.
"रात्री भिंतीला तळवा लावून बसले.
तुझ्या वेळी माझ्या पोटाला लावायचे, तस्से.
प्रत्येक फेरी मोजली.
मग म्हणाले, नेलिदा, पाचव्यावर अडखळतंय.
म्हटलं, अडखळू दे, झोपा.
तीन वाजता गेले खाली,
अंगात हॉटेलचा पांढरा झगा, पायात त्या कापडी सपाता.
रात्रपाळीच्या मिस्त्रीला उठवलं म्हणे."
"आणि तू?"
"मी तिरकी झोपले. या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत.
काय सांगू तुला, मिर्ता."
आणि अंजिराचा मुरंबा माझ्याकडे सरकवला.

दालनाला दोन दारं होती.
एकाशी टोपीवाला माणूस उभा होता, उघडायला.
वडील दुसऱ्याने आले, भटारखान्याच्या,
पिठाची पोती आणि ट्रे चुकवत,
झग्याची उजवी बाही कोपरापर्यंत काळी.
बसले. पाव फोडायला हात पुढे केला.
आईने तो मनगटाशी धरून मागे सारला
आणि वेटरला जवळ बोलावून
लिंबू मागितलं.